विमानतळावर कोणकोणते ओळखपत्र चालते? आधार घरी राहिले म्हणून दारातून परत फिरू नका

विदर्भातल्या एका गावातला आपला एक मुलगा. दिल्लीला फेलोशिपची मुलाखत, पहाटेचे विमान, आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. तिकिटाचे पैसे विहारातल्या चार जणांनी मिळून जमवलेले. रात्रीच्या बसने तो शहरात पोहोचला आणि पहाटे चारच्या सुमारास विमानतळाच्या दारात रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने जवानाला मोबाईलमधला आधार कार्डाचा फोटो दाखवला.

"फोटो नहीं चलेगा, ओरिजिनल दिखाओ."

कार्ड घरी राहिले होते. "डिजिलॉकर खोलो," जवान म्हणाला. त्याने डिजिलॉकर उघडायचा प्रयत्न केला, तर ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर, कारण आधारला नंबर त्यांचा जोडलेला. वडील गावी झोपलेले, मोबाईल चार्जिंगला. "और कोई आयडी है?" या प्रश्नाला त्याने "नाही" म्हणून उत्तर दिले आणि रांगेतून बाजूला झाला. पंधरा-वीस मिनिटे तो नुसता फोन लावत होता. शेवटी रांगेतल्या एका ताईंनी विचारले, "अरे, पॅन कार्ड आहे का तुझ्याकडे?"

पॅन कार्ड त्याच्या पाकिटातच होते. "ते तर बँकेचं असतं ना?" हा त्याचा प्रश्न. त्या कार्डावर तो दोन मिनिटांत आत गेला. विमान मिळाले आणि मुलाखतही झाली.

हा प्रसंग त्याने स्वतः फोनवर हसत हसत सांगितला. पण ऐकताना वाटले, त्या ताई रांगेत नसत्या तर? त्या मुलाला अडवणारा नियम नव्हताच. नियमाप्रमाणे तो आत जाऊ शकत होता. त्याला अडवले ते नियम माहीत नसण्याने. आज आपली मुले-मुली परीक्षा, मुलाखती, परिषदा, न्यायालयीन कामे आणि धम्मयात्रा यांसाठी विमानाने जाऊ लागली आहेत. बऱ्याच घरांत विमानतळाचे दार ओलांडणारी ही पहिलीच पिढी आहे. घरात विचारायला अनुभवी माणूस नसतो. म्हणून ही माहिती एकदा नीट समजून घेऊया.

नियम कोण ठरवते?

देशातल्या विमानतळांच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालचे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीसीएएस म्हणतात. १९७६ साली एका विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये हा विभाग सुरू झाला. १९८५ च्या कनिष्क विमान स्फोटानंतर, १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र झाला.

दारात आपल्याला दिसतो तो जवान बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा असतो. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर, फेब्रुवारी २००० पासून, जयपूरपासून सुरुवात करून या दलाकडे विमानतळांची सुरक्षा देण्यात आली.

म्हणजे दारातला जवान नियम करत नाही, तो राबवतो. त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात. तुमच्याकडे त्या दिवसाचे तिकीट आहे का, आणि तिकिटावरचे नाव ज्याचे, तो माणूस तुम्हीच आहात का. तुमचा पत्ता, जात, शिक्षण, गाव यांच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. हे लक्षात ठेवले की दारात उगाच दडपण येत नाही.

चालणारी दहा ओळखपत्रे

वेगवेगळ्या विमानतळांवर वेगवेगळी ओळखपत्रे मागितली जातात, यावरून प्रवासी आणि जवान यांच्यात वाद होत असत. ते मिटावेत म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये बीसीएएसने देशभरासाठी एकच यादी जाहीर केली. देशांतर्गत प्रवासासाठी त्यातले कोणतेही एक पुरते.

१. पासपोर्ट
२. मतदार ओळखपत्र
३. आधार कार्ड किंवा मोबाईलमधले एम-आधार
४. पॅन कार्ड
५. वाहन चालवण्याचा परवाना
६. नोकरीच्या ठिकाणचे ओळखपत्र (सरकारी खाते, सार्वजनिक उपक्रम, स्थानिक स्वराज्य संस्था यांसारख्या ठिकाणचे)
७. सरकारी शिक्षणसंस्थेने दिलेले फोटोचे विद्यार्थी ओळखपत्र
८. राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटो असलेले पासबुक
९. फोटो असलेले पेन्शन कार्ड किंवा पेन्शनची कागदपत्रे
१०. दिव्यांग व्यक्तीचे फोटोचे ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र

यादी पुन्हा एकदा वाचा. आधार तिथे आहे, पण दहापैकी एक म्हणून. "आधारशिवाय विमानात बसूच देत नाहीत" हा आपल्याकडे पसरलेला समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना वैध ठरवली, पण बँक खाते आणि मोबाईल सिमसाठी आधारची सक्ती रद्द केली. देशांतर्गत विमानप्रवासासाठी आधार हा एक पर्याय आहे. पॅन, मतदार कार्ड किंवा लायसन्स दाखवणाऱ्या प्रवाशाचा हक्क तेवढाच आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. खासगी महाविद्यालयाच्या किंवा क्लासच्या ओळखपत्रावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. सोबत दुसरे एखादे ओळखपत्र असू द्या. मात्र तुम्ही विद्यार्थी सवलतीचे तिकीट काढले असेल, तर महाविद्यालयाचे ओळखपत्र विमान कंपनीच्या काउंटरवर मागितले जाते. म्हणून तेही जवळ हवे. दारासाठी एक आणि सवलतीसाठी एक, अशी दोन कार्डे लागतात.

काय चालत नाही?

रेशन कार्ड या यादीत नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिकाही नाही. हे कागद आपल्या लोकांनी तहसील कार्यालयात हेलपाटे घालून मिळवलेले असतात, त्यामुळे सगळ्यात मोठे कागद हेच, असे घरच्यांना वाटते. त्यांचे मोल मोठेच आहे, पण ते प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या कामाचे. ओळख पटवण्यासाठी ते नाहीत. संघटनेचे, विहार समितीचे किंवा पक्षाचे ओळखपत्रही विमानतळावर चालत नाही.

मूळ कार्डाऐवजी झेरॉक्स चालत नाही, भले तिच्यावर स्वतःची सही करून साक्षांकित केलेली असो. मुदत संपलेला पासपोर्ट किंवा लायसन्स पुढे करू नका. आणि फोटो ओळखू येणार नाही इतके झिजलेले कार्ड वेळ असताना बदलून घ्या.

मोबाईलमधले चालते का?

चालते, पण त्यातला फरक समजून घ्या. गॅलरीतला फोटो, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. तो कोणीही बदलू शकतो. एम-आधार ॲप किंवा डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवलेले कागदपत्र चालते, कारण ते मूळ खात्याकडून थेट आलेले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने जारी केलेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. तिथेही "जारी केलेली" कागदपत्रे आणि आपण स्वतः स्कॅन करून टाकलेली कागदपत्रे वेगवेगळी असतात. उपयोगी पडतात ती पहिली.

विमानतळावर जायच्या आधी, घरी बसूनच, या तीन गोष्टी करा.

पहिली, आधारला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे ते तपासा. आपल्याकडे शाळेत असताना आधार काढले, तेव्हा वडिलांचा किंवा मामाचा नंबर दिला, आणि पुढे तो बदललाच नाही, असे अनेकांचे आहे. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या.

दुसरी, डिजिलॉकरचे खाते आधीच उघडून ठेवा. आधार, पॅन, लायसन्स जे असेल ते त्यात आणून ठेवा.

तिसरी, प्रवासाच्या दिवशी मोबाईल चार्ज हवा आणि नेट सुरू हवे. या दोन्हींचा भरवसा नसेल, तर मूळ कार्ड पाकिटात असलेले बरे.

खरी अडचण नावाची

ओळखपत्र असूनही माणसे अडकतात, ती नावामुळे. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे, हा नियमाचा गाभा आहे. आपल्या समाजात नावाचे घोटाळे बऱ्याच कारणांनी होतात.

तिकीट काढून देणारा मित्र किंवा कॅफेवाला घरात हाक मारतात तेच नाव टाकतो. ओळखपत्रावर वेगळेच असते.

लग्नानंतर ताईंचे नाव मतदार कार्डावर सासरचे, पॅनवर माहेरचे आणि आधारवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. तिकीट ज्या नावाने आहे, त्याच नावाचे कार्ड सोबत घ्यायचे. नाव बदलायलाच हवे असा काही कायदा नाही. माहेरचे नाव ठेवणाऱ्या भगिनींनी ते सगळ्या कागदांवर एकसारखे ठेवले की झाले.

काही कुटुंबांनी जातीची खूण सांगणारे जुने आडनाव टाकून नवे घेतले आहे. हा निर्णय अभिमानाचा आहे. पण तो कागदावर पूर्ण झाला पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झाला, एवढ्यावर काम संपत नाही. राजपत्र हे ओळखपत्र नव्हे. त्याच्या आधारे आधार, पॅन आणि मतदार कार्ड बदलून घ्यावे लागते. आधारमधले नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे अर्ज भरताना स्पेलिंग नीट तपासा. सगळी कार्डे बदलून होईपर्यंत तिकीट जुन्या कार्डावरच्या नावानेच काढा.

आणि आपले भन्ते. प्रव्रज्येनंतर सगळे त्यांना धम्मनावाने ओळखतात. कार्यक्रमाच्या पत्रिकेवरही तेच नाव असते. आयोजक त्याच नावाने तिकीट काढतात. पण आधारवर गृहस्थ जीवनातले नाव आणि केसांसह फोटो असतो. दारात चीवरातल्या भन्तेंना थांबून राहावे लागते आणि आयोजकांची धावपळ होते. यात जवानाची चूक नसते. तिकीट काढण्यापूर्वी भन्तेंना नम्रपणे विचारा, "भन्ते, ओळखपत्रावर नाव कोणते आहे?" धम्मनाव कायम ठेवायचे असेल, तर राजपत्राचा मार्ग त्यांनाही खुला आहे.

महाराष्ट्रात कुठे आडनाव आधी, कुठे नंतर, मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. नावांचा क्रम मागेपुढे झाला किंवा मधले नाव तिकिटावर नसले, तर सहसा अडचण येत नाही. पहिले नाव किंवा आडनावच वेगळे असेल, तर येते. म्हणून तिकीट काढताना कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर टाका. चूक झाली असेल तर प्रवासाच्या दिवसाची वाट पाहू नका. लक्षात आल्याबरोबर, शक्यतो चोवीस तासांच्या आत, ज्याच्याकडून तिकीट काढले त्याला किंवा विमान कंपनीला कळवा. स्पेलिंगची छोटी चूक कंपन्या दुरुस्त करून देतात. एकाचे तिकीट दुसऱ्याच्या नावावर मात्र होत नाही.

मुले आणि काहीच नसलेला प्रवासी

आई-वडील किंवा पालक सोबत असतील आणि त्यांच्याकडे योग्य ओळखपत्र असेल, तर लहान मुलांना वेगळे ओळखपत्र लागत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचे तिकीट वेगळ्या दराचे असते, त्यामुळे वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ ठेवा.

दहापैकी एकही कागद नसेल, तरी एक वाट ठेवलेली आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयाच्या लेटरहेडवर फोटोसह दिलेले ओळखीचे पत्र चालते. सगळे कागद चोरीला गेले, पुरात वाहून गेले किंवा आगीत जळाले, अशा वेळी ही तरतूद कामाची आहे. आपल्या समाजात आज अनेक अधिकारी आहेत. अडचणीत आलेल्या माणसाला, त्याची ओळख खात्रीने माहीत असेल तर, असे पत्र देणे हेही समाजाचे काम आहे.

परदेशी पाहुणे किंवा भिक्खू सोबत असतील, तर त्यांनी देशांतर्गत विमानासाठीही मूळ पासपोर्ट बाळगावा.

लुंबिनीला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावे

धम्मयात्रेतली बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही ठिकाणे भारतात आहेत. गया, वाराणसी किंवा २० ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या कुशीनगर विमानतळावर जाताना वरची दहा ओळखपत्रांची यादी लागू होते. लुंबिनी मात्र नेपाळमध्ये आहे. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही, म्हणून कागदही तेच चालतील असे अनेकांना वाटते. इथे फसगत होते.

नेपाळला विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा भारत निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रवाशाला केवळ आधार किंवा पॅनवर विमानात घेत नाहीत. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्ट वर्षांवरच्या व्यक्तींना आधार, पॅन, लायसन्स अशा फोटोच्या कागदांची सवलत आहे.

तरुणांनो, यातून एक गोष्ट घ्या. अठरा वर्षे पूर्ण झाली तरी मतदार नोंदणी न केलेले कितीतरी जण आपल्यात आहेत. "मतदानाच्या वेळी बघू" म्हणतात. प्रत्येक प्रौढाला एक मत हा हक्क बाबासाहेबांच्या संविधानाने दिला. त्या हक्काचे कार्ड तुम्हाला बुद्धाच्या जन्मस्थळापर्यंत विमानाने घेऊन जाते, आधार घेऊन जात नाही. अजून नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा.

डिजीयात्रा घ्यायची की नाही?

१ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी विमानतळांवर डिजीयात्रा सुरू झाली. पुढे ती पुणे, मुंबईसह इतर ठिकाणी आली. यात चेहरा हीच ओळख धरली जाते. ॲपमध्ये आधारच्या मदतीने नोंदणी करायची, आणि दारातला कॅमेरा चेहरा ओळखून आत सोडतो. रांग लवकर सरकते, हा फायदा खरा आहे.

पण ही सोय ऐच्छिक आहे. विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी नीट न सांगता नोंदणी करून घेतली, अशा तक्रारी प्रवाशांनी केल्या होत्या. चेहऱ्याची माहिती कुठे जाते, किती काळ राहते, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नको असेल तर "मला साध्या रांगेतून जायचे आहे" एवढे म्हणा. त्या रांगेत ओळखपत्र आणि तिकीट दाखवून पूर्वीसारखेच जाता येते. डिजीयात्रा वापरली तरी मूळ ओळखपत्र जवळ ठेवाच.

अडवले तर काय करायचे?

आवाज चढवू नका. शांतपणे विचारा, "नेमकी अडचण काय आहे? नाव, फोटो की कार्डाचा प्रकार?" कार्डाचा प्रकार असेल तर दुसरे कार्ड दाखवा. नावाची चूक असेल तर दाराजवळ विमान कंपनीचे काउंटर असते, तिथे जा. चालणारे कार्ड असूनही जवान ऐकत नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावण्याची विनंती करा. वागणूक अपमानाची असेल तर वेळ, दार क्रमांक आणि घडलेले लिहून ठेवा आणि एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करा.

यासाठी हाताशी वेळ लागतो. देशांतर्गत विमानांचे काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन-अडीच तास आधी पोहोचावे.

विहारातून करता येईल असे काम

रविवारच्या वंदनेनंतर एक तास काढा. दोन जाणकार तरुण बसवा. कोणाचा आधारला मोबाईल जोडायचा आहे, कोणाचे मतदार कार्ड निघायचे आहे, कोणाच्या नावात घोळ आहे, याची यादी करा आणि एकेक नाव मार्गी लावा. धम्मयात्रेचे आयोजक असाल तर प्रवाशांची नावे फोनवर ऐकून लिहू नका, ओळखपत्राची प्रत घेऊनच तिकिटे काढा. तिकिटे झाल्यावर त्या प्रती आणि ग्रुपवर आलेले फोटो नष्ट करा, कारण दुसऱ्याची कागदपत्रे सांभाळणे ही जबाबदारी आहे.

प्रवासाच्या आदल्या रात्रीसाठी एवढे लक्षात ठेवा: यादीतली दोन मूळ ओळखपत्रे, दोन वेगळ्या जागी, एक पाकिटात आणि एक बॅगेत. तिकिटावरचे नाव त्यातल्या एकाशी अक्षर न् अक्षर जुळवलेले. मोबाईल चार्ज केलेला.

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. त्या दारातून आपल्या गावचा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा आत जाईल, तेव्हा हातात योग्य कागद असावा आणि नियम माहीत असल्यामुळे मान ताठ असावी. ही माहिती आपल्या घरी आणि विहारात नक्की सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!